मंठ्याच्या भिंतीवरचे डोळे

मच्छिंद्र फोटोवाल्याचं जालन्यात दुकान नव्हतं. एक लाकडी कॅमेरा, त्याची तिपाई, काळं कापड आणि महाल रंगवलेला एक पडदा, एवढा त्याचा धंदा सायकलवर मावत असे. जिथून बोलावणं येईल तिथे तो जाई. बदनापूरचे स्टेशनमास्तर बदलून निघाले की निरोपाचा ग्रुप, जिनिंगच्या मुनीमजींच्या घरचं लग्न, कुठल्या पाटलाला नवी बंदूक मिळाली तर पाटील आणि बंदूक. "माझं पागोटं थोडं कापलं गेलं तरी चालंल, पर नळी पुरी आली पाहिजे," असं एका पाटलानं त्याला बजावलं होतं. हा किस्सा तो बायकोला पुन्हा पुन्हा सांगे, आणि साळूबाई प्रत्येक वेळी तेवढीच हसे.

त्याचं घराणं शेतीचं. औरंगाबादेत एका फोटोवाल्याच्या पेट्या उचलता उचलता तो हे काम शिकला. "रान सोडून सावल्या धरत फिरतो माझा ल्योक," असं त्याची आई तुळजाबाई शेजारणीला सांगायची. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, ते शेजारणीला कधी कळलं नाही.

काम उरकून एखादी काच शिल्लक राहिली, तर मच्छिंद्र मोती तलावावर जाई. फोटो तेव्हा काचेवर उतरायचा. कॅमेऱ्याच्या डोळ्यावरची टोपी हातानं काढायची, मनात आकडे मोजायचे आणि टोपी परत बसवायची. तेवढ्या वेळात पाखरं उडायचीच. काच औषधात धुतली की तिच्यावर पाणी दिसे, काठ दिसे आणि मधे एक धुरकट पट्टा.

"पाखरं कुठं हायेत?" साळूबाई विचारी. "हा तर चुलीचा धूर."

"हेच पाखरू. हिथून उडालं अन् तिथवर गेलं. सगळं हाये त्यात."

"मंग त्याला डोळे न्हाईत का तुमच्या पाखराला?"

तो काच फडक्यात गुंडाळू लागे. डोळ्यांचा विषय तो टाळी, कारण त्याचं खरं नाव डोळ्यांसाठीच झालं होतं.

त्या काळी आमच्या भागात लोक फोटोला भीत. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं म्हणत. लहान लेकरांना तर कॅमेऱ्यासमोर कुणी उभंच करत नसे. पण लेकरू गेलं, की मग मात्र माणूस सायकल पिटाळत मच्छिंद्रकडे येई. आता घटायला आयुष्य राहिलेलं नसे, आणि चेहरा तर हवा असे. मच्छिंद्र जाई. निजलेल्या लेकराला आईच्या मांडीवर टेकवून बसवी, टोपी काढी, आकडे मोजी. या फोटोत लेकरू कधी हललं नाही. आईचा चेहरा मात्र कित्येकदा धुरकट यायचा.

घरी आल्यावर तो कागदावर छाप घेई आणि बारीक ब्रशनं मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवी. त्यासाठी त्याची एक पद्धत होती. निघण्यापूर्वी तो घरच्यांना विचारी, "लेकरू कुणावर गेलं होतं?" कुणी म्हणे चुलत्यावर, कुणी म्हणे आत्यावर. मग त्या माणसाला तो उजेडात समोर बसवी आणि नुसता त्याच्या डोळ्यांकडे बघत राही. ते डोळे मनात धरून तो सायकलवर बसे आणि जालन्यापर्यंत वाटेत कुणाशी बोलत नसे. म्हणून त्याचे डोळे अनोळखी वाटत नसत. भिंतीवरचं लेकरू घरच्यांना बघून ओळख देई.

साळूबाईला या कामाची धास्ती होती. कौसा झाली तेव्हाच तिनं नवऱ्याकडून वचन घेतलं होतं, "माझ्या लेकीवर त्या कॅमेऱ्याची टोपी कधी काढायची न्हाई." त्यानं कौसाच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं.

कौसा तीन वर्षांची असताना मंठ्याहून मांगीलाल शेठचा माणूस आला. शेठचं घराणं राजस्थानातून येऊन पिढ्या झाल्या होत्या. मंठ्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांची एकुलती एक लेक, पाच-सहा वर्षांची केसर, घटसर्पानं गेली होती. मच्छिंद्र गेला, फोटो घेतला आणि दुसऱ्या दिवशी परतला. तो पुढे दोन दिवस ब्रश हातात घेऊन नुसता बसून होता. साळूबाई नदीवर धुणं धुवून आली, तेव्हा कौसा खिडकीत बसून खारीक चोखत होती.

"आई, आबानं मला पुतळा केलं," ती म्हणाली. "हलायचं न्हाई म्हणले."

साळूबाईनं दचकून कॅमेऱ्याकडे बघितलं. तो पेटीत बंद होता, वर कापड तसंच बांधलेलं होतं. बापलेकीचा काही खेळ असेल म्हणून तिनं तो विषय तिथेच सोडला.

काही महिन्यांनी मांगीलाल शेठ खरेदीसाठी जालन्याला आले, तेव्हा त्यांची बायको बसंतीबाईही बरोबर होती. फोटोच्या तसबिरीची काच तडकली होती, ती बदलायची होती. शेठ आत बोलत बसले. बसंतीबाई मोठा घुंगट घेऊन अंगणात उभी राहिली. कौसा उंबऱ्यात चिंचोके खेळत होती. बसंतीबाई खाली वाकली, तिनं कौसाची हनुवटी धरली आणि चेहरा वर केला. घुंगट हलला नाही. पण ती इतका वेळ तशीच राहिली, की साळूबाईनं पुढे होऊन पोरीला उचलून कडेवर घेतलं.

त्या दिवाळीला मंठ्याहून एक गाठोडं आलं. त्यात परकर-पोलकं होतं, हिरव्या काठाचं. कौसाला ते पायांत घोळत होतं.

"लेकराचं माप न्हाई माहीत त्यांना," तुळजाबाई म्हणाली. "ठेवून दे. वाढंल पोरगी."

दुसऱ्या दिवाळीला परत आलं. कौसा वाढली होती, परकर मात्र पहिल्याच मापाचा होता. साळूबाईनं दोन्ही एकावर एक ठेवून बघितले. बोटभरही फरक नव्हता. हे माप कौसाचं नव्हतंच. तिनं दोन्ही परकर ट्रंकेच्या तळाशी घातले.

तिसऱ्या दिवाळीचा परकर तुळजाबाईनंच कौसाला नेसवला. तो अंगावर बेतून शिवल्यासारखा बसला. कौसा गोल फिरली, काठ फुलला. "आता कशी शेठाची पोरगी दिसून राह्यली!" तुळजाबाई टाळ्या पिटत म्हणाली. साळूबाईनं हातातलं ताट ठेवलं आणि पोरीचा दंड धरून तिचं फिरणं थांबवलं.

त्याच महिन्यात कौसा आजारी पडली. मुदतीचा ताप. वैद्य रोज येत, नाडी बघत आणि पुढच्या आठवड्यात उतरेल म्हणत. कौसाचे डोळे अर्धवट उघडे राहत, पण ती कुणाकडे बघत नसे. आई समोर आली तरी तिच्या आरपार कुठेतरी बघे. आणि एका संध्याकाळी ती स्वच्छ म्हणाली, "आई, ती बाई माझे डोळे पुसून राह्यली."

"कोन बाई गं?"

कौसानं मान भिंतीकडे वळवली. कोपऱ्यात बसलेल्या मच्छिंद्रचा चेहरा मात्र उतरला, आणि तो साळूबाईनं बघितला. तिला तो पुतळ्याचा खेळ आठवला.

"मंठ्याच्या पोरीला कुणाचे डोळे घातले?" तिनं विचारलं.

तो उठून कौसाचं पांघरूण सारखं करू लागला.

"आवं, मी काय विचारून राह्यले?"

"पोरगी आईवर गेल्ती म्हणले समदे," तो हळूच म्हणाला. "अन् आई घुंगटात. परक्या माणसाम्होरं ती पदर कसा वर करणार? मी मागू कसा? बिलकुल दिसंना काही. घरी आलो, दोन दिस नुसता कागद बघितला. कौसा समोर होती."

"वचन दिल्तं तुम्ही."

"फोटो न्हाई काढला, साळू. नुसते डोळे बघितले."

तिनं कौसाच्या कपाळावरची ओली घडी बदलली. उठली आणि लुगड्याचा पदर खोचून म्हणाली, "केसरची काच हाये का अजून?"

काच होती. महायुद्धाच्या लढाईमुळे नव्या काचा मिळेनाशा झाल्या होत्या. जुन्या काचांवरचा फोटो धुऊन काढून मच्छिंद्र त्या तसबिरींना लावायचा. पाटील, मुनीमजी, स्टेशनमास्तर, सगळे धुतले गेले होते. गेलेल्या लेकरांच्या काचा मात्र त्यानं कधी धुतल्या नव्हत्या.

"तिचा एक छाप द्या मला. मिटल्या डोळ्यांचा, हाये तसा. तो देते अन् तो दुसरा परत आणते."

"मी जातो मंठ्याला."

"तुम्ही जाऊन काय करणार? तुमच्यासमोर ती बोलणारबी न्हाई."

कौसाला सासूच्या ओटीत घालून साळूबाई सकाळच्या मोटारीनं निघाली. वाटभर तिनं कागदात गुंडाळलेला फोटो पालथा धरला होता.

मांगीलाल शेठ दुकानात होते. बसंतीबाईनं तिला थेट आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. समोरच्या भिंतीवर कौसा होती. मांडी घुंगटातल्या आईची, अंग केसरचं, कपाळ केसरचं, त्याच काठाचा परकर केसरचा. आणि त्यातून कौसा साळूबाईकडे बघत होती. घरी अंथरुणावर बघत नव्हती तशी, ओळख देऊन.

"माझी लेक तापानं पडलीय, शेठाणीबाई," ती म्हणाली. "हे डोळे तिचे हायेत. माझ्या मालकानं चूक केली. मला परत द्या. हा घ्या तुमच्या केसरचा खरा फोटो."

बसंतीबाईनं घुंगट वर केला. तिचे डोळे घारे होते, उन्हात ठेवलेल्या मधासारखे.

"केसरचे असे होते," बसंतीबाई म्हणाली. "तुझ्या मालकाला कसं कळणार बाई, मी पदर वर केला न्हवता. फोटो आला तेव्हा सगळी म्हणाली, बराबर केसर हाये. मला पहिल्या दिवशीच कळलं. माझ्या पोरीला असे काळे डोळे कुठले?"

"मंग फाडून का न्हाई टाकला?"

"ते डोळे जिते होते. कुणाच्यातरी जित्या लेकराचे डोळे मी फाडू?" तिनं तसबिरीच्या कडेवरून बोट फिरवलं. "मंग तुझ्या उंबऱ्यात दिसले मला. तवापासून रोज पुसते. धूळ बसू देत न्हाई."

कौसाचं बोलणं साळूबाईला आठवलं, पण ते तिनं तोंडातून बाहेर येऊ दिलं नाही.

"अन् ते परकर?"

"हाताला तेच माप येतं," बसंतीबाई म्हणाली. "कापड समोर आलं की हात तेवढंच कापतो. कुणाच्या अंगाला लागावं म्हणून धाडते."

तिनं साळूबाईच्या हातातला कागद उलगडला. मिटल्या पापण्यांची केसर तिनं एकदाच बघितली आणि लगेच कागद पालथा केला.

"हे मला बघवत न्हाई. हे मी ह्या हातानं मिटलेत." मग तिनं स्टूल ओढलं, भिंतीवरचा फोटो उतरवला आणि पदरानं पुसून साळूबाईपुढे धरला. "ने. तू तिची आई हायेस. जल्दी जा, पोरगी घरी पडलीय."

फोटोच्या जागी भिंतीवर चुन्याचा पांढरा चौकोन उरला होता. साळूबाईनं फोटो हातात घेतला. एवढ्यासाठीच ती आली होती. काचेवर कुठे एक डाग नव्हता. तिनं हे डोळे घरी नेले, तर ठेवणार कुठे? पेटीत? ट्रंकेच्या तळाशी, अंधारात, त्या दोन परकरांखाली? की चुलीत घालणार? इथे कुणीतरी रोज ते उघडे राखत होतं. तिनं कितीतरी वेळ फोटोकडे बघितलं आणि स्वतःच स्टुलावर चढून तो परत खिळ्याला अडकवला.

"पुसत ऱ्हावा," ती म्हणाली. "एक दिवसबी चुकवू नका."

कौसाचा ताप त्याच्या मुदतीनं उतरला. वैद्य म्हणाले औषधानं, तुळजाबाई म्हणाली देवीनं. साळूबाईनं तिसरा परकर घडी घालून पहिल्या दोन्हींवर ठेवला. मच्छिंद्रनं त्यानंतर कुणाचे डोळे रंगवले नाहीत. लोक विनवण्या करत, तो हात जोडी. तलावावर मात्र जात राहिला, आणि लढाई संपून काचा पुन्हा मिळू लागल्यावर धुरकट पट्ट्यांनी त्यानं एक पेटी भरून काढली.

दिवाळीला गाठोडं येत राहिलं. कौसा दहा वर्षांची झाली, तरी त्याच मापाचं.

मग अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. निजामाच्या मुलखात काय होईल याचा नेम राहिला नव्हता आणि ज्यांना जमलं ती घरं मुलखाबाहेरच्या नातेवाइकांकडे निघाली. एके दिवशी निरोप आला, मांगीलाल शेठ जालना स्टेशनावरून अकोल्याकडे जायला निघालेत. साळूबाई कौसाला घेऊन धावतच गेली. फलाटावर ट्रंका, गाद्या, रडणारी पोरं. शेठ हमालांवर ओरडत होते. बसंतीबाई छातीशी एक चौकोनी गाठोडं धरून उभी होती आणि त्याला कुणालाही हात लावू देत नव्हती.

"घेतला ना?" साळूबाईनं एवढंच विचारलं.

घुंगट हलला. बसंतीबाईनं कौसाला जवळ घेतलं, हनुवटी वर केली, बघितलं. मग गाठोड्याचं एक टोक जरासं उघडून आत बघितलं आणि कापड नीट बंद केलं. गाडी हलली.

"कोन होती ती?" वाटेत कौसानं विचारलं. "परकरवाली?"

"हां."

घरी पोचेपर्यंत कौसा डोळा चोळायला लागली. "आई, काहीतरी गेलंय डोळ्यात."

साळूबाईनं तिला उजेडात नेलं, पापणी उलटी करून बघितली, फुंकर घातली. आत काही नव्हतं. डोळा मात्र नुसता पाझरत होता.

"चोळू नको," ती म्हणाली. "गाडीत लई धूळ असती. पोचली की पुसंल ती."