नंबरपाटीमागचा रंग

सुताराने आज सकाळी दारासाठी वॉर्निशचा डबा उघडला आणि जवसाच्या तेलाचा जड, गोडसर वास घरभर पसरला. कामांची यादी हातातच राहिली आणि मी पंधरा वर्षं मागे, इगतपुरीला जाऊन पोहोचले.

तिथे उघड्यावर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या एका जुन्या वाफेच्या इंजिनाचा मूळ रंग शोधायचं काम माझ्याकडे होतं. फोटो सगळे कृष्णधवल. म्हणून आम्ही इंजिनाची पितळी नंबरपाटी उतरवली. तिच्यामागे जुन्या रंगाचा हातभर तुकडा शाबूत होता, हिरवागार. मी वहीत ‘हिरवा’ लिहून पुढे खूणही केली. दुपारी रंगाची ऑर्डर जायची होती.

तेवढ्यात इंजिन शेडमधले निवृत्त पेंटर शिंदेकाका आले. जवळ जाऊन त्यांनी त्या तुकड्यावरून बोट फिरवलं.

“ताई, हिरवं नाय ते, निळं हाय. वरचं वॉर्निश अंधारात पिवळं पडलंय. ताडपत्री काढा, आठ दिस ऊन खाऊ द्या त्याला.”

“काका, आठ दिवस माझ्या वहीत बसत नाहीत.”

“मग वहीच घाला उन्हात!”

मी चिडले, पण ऑर्डर थांबवली. तेव्हा ते दिवस फुकट गेल्यासारखे वाटले होते. आज त्या कामातले तेवढेच लख्ख आठवतात. रोज सकाळी पिवळेपणा थोडा उतरलेला असायचा. आठव्या दिवशी शाईसारखा गडद निळा रंग समोर होता.

“एवढी खात्री कशी होती, काका?”

“हेच इंजिन रंगवून तसाच हळदीला बसलो होतो, ताई. बायका लय हसल्या. सगळा नवरा पिवळा, नखं तेवढी निळी!”