शेठच्या गाडीला हल्याची जोडी

माझा नवरा उदाराम चांगला माणूस आहे असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. तो डूख धरणारा आहे, आणि त्याच्याशी संसार करून मीही तशीच झाले. आमच्या दवनीवाड्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी पळवणारा तो धुरकरी. आमच्याकडे जोडी मालकाची असते, पण कासरा धुरकऱ्याच्या हाती. कासरा हातात असेपर्यंत मालकानंही त्याला कुठं जातोस म्हणून विचारायचं नाही, अशी रीत. मधे कोर्टानं पट बंद केले आणि उदाराम घरी बसला. तेव्हा गोंदियाच्या राईस मिलवाल्या इंद्रकुमार शेठनं दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार आणली होती. हौस दांडगी, पण चालवता येईना. म्हणून त्यानं उदारामला ठेवलं.

"हा त आपला छकडाच होय," पहिल्या दिवशी घरी येऊन बुढा म्हणाला; आमच्याकडे नवऱ्याला बुढाच म्हणतात. पटाचा छकडा म्हणजे दोन चाकं, दांड्या आणि टेकायला टीचभर जागा; जास्तीचं लाकूड तासून टाकलेलं. ती गाडीही तशीच. टप नाही, रेडिओ नाही, गिअर हातानं टाकायचे. एकदा इटियाडोह धरणाकडे जाताना त्यानं मला बाजूला बसवलं. वळणावर म्हणाला, "चाकाखाली खडा आला का मले पंज्यात समजते. स्टेअरिंग बोलून राहते. बोलत नाई ते कायची गाडी?" मी भीतीनं दरवाजा धरून बसले होते. तो मात्र हसत होता, आणि पट बंद झाल्यापासून मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मग शेठनं नवी आणली. नाव तेच, बिल्ला तोच, पण अंगानं फुगलेली. गिअर आपोआप पडायचे, समोर टीव्हीएवढा पडदा, खुर्च्या गरम होणाऱ्या, आणि इंजिनाचा आवाजसुद्धा स्पीकरमधून यायचा. उदारामनं एक चक्कर मारली आणि तोंडावर सांगितलं, "शेठ, हे काईच सांगत नाई. गादीवर लोटून दिल्यावानी वाटते."

शेठ मिलच्या सगळ्या माणसांसमोर म्हणाला, "अब गाड़ी सब खुद करती है. तेरा क्या काम? जा, बैल हाँक."

जाताना उदारामनं एकच मागितलं, जुनी चालती ठेवा. शेठनं मान डोलावली, आणि आठवड्यातच तिचं इंजिन उपसून तिला मिलच्या हिरवळीवर शोभेला मांडलं. इंजिनाच्या जागी झेंडूच्या कुंड्या.

ते पाहून आला तेव्हा बुढा जेवला नाही. मी विचारलं, "काऊन रडून राहिले?"

"रडत नाई. याद ठेवून राहिलो."

"ठेवा," मी म्हटलं, "मीबी ठेवतो."

पट पुन्हा सुरू झाले. जोड्या पळतात ती पट्टी, म्हणजे दाण, तयार करायचं काम उदारामकडेच. भरधाव जोड्या आपसूक थांबाव्यात म्हणून शेवटच्या टोकाला माती नांगरून, पाणी मारून भुसभुशीत ठेवतात. यंदा उद्घाटनाला पाहुणा कोण, तर इंद्रकुमार. म्हणाला, बैलांच्या आधी दाणीवरून माझी गाडी धावेल. पटाचे पुढारी यादोराव, त्यांनी उदारामला विचारलं, "गाडी जाईन का बे?"

"हलकी असन त जाईन," उदाराम म्हणाला. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

शेठ हसला. "सैकड़ों घोड़े हैं इसमें."

शेठ स्वतःच चालवायला बसला. गाडी निघाली तेव्हा झोकात निघाली. टोकाला पोचली आणि पोटापर्यंत रुतली. चाकं फिरून फिरून चिखल उडाला, पडद्यावर लाल अक्षरं आली आणि इंजिन आपलं आपण बंद पडलं. दाणीच्या दोन्ही बाजूंनी माणसं खदखदा हसत होती, तिकडं जोड्या खोळंबल्या होत्या. शेठ म्हणाला, "उदाराम, कुछ कर."

उदारामनं आधी तंबाखू मळली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यादोराव, शेठचे घोडे थकले. हल्ये आना."

हल्ये म्हणजे आमचे रेडे, धानाच्या बांधीत चिखल करणारे. दाणीवर मारायच्या पाण्याची टाकी त्यांनीच ओढून आणली होती. उदारामनं साखळी बांधली, माणसांनी मागून रेटा दिला, गाडी निघाली. रस्ता तिथून हाकेवर होता. पण त्यानं हल्ये उलटे वळवले, सगळ्या दाणीवरून, भरल्या पटातून, नांगराच्या चालीनं.

"इधर कहाँ?" शेठ ओरडला.

"कासरा माह्या हातात हाय, शेठ. रीत माहीत नाई का?" आणि थोडं पुढं गेल्यावर मान वळवून, अगदी प्रेमानं, "स्टेअरिंग धरा. काई बोलून राहिली का?"

शेठनं स्टेअरिंग धरलं होतं आणि तो खाली पाहत होता. मला वाईट वाटलं नाही, कायले वाटावं? पाहुण्यासाठी आणलेला झेंडूचा हार ताटात तसाच पडला होता. तो मी उचलला आणि उजव्या हल्याच्या गळ्यात घातला.