करवंदाची बी

सारजाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. चुलीपाशी बसली तरी एक कान सोप्याकडं. तिथं निजलेल्या नवऱ्याची धाप ऐकू आली की हातातलं काम थांबायचं, आणि ऐकू नाही आली तर ती उठून बघून यायची.

हिर्डोशीच्या डोंगरात जन्मभर शेळ्यांमागं फिरलेला रायबा छत्तीस सालच्या उन्हाळ्यात चार पावलांत खाली बसायला लागला. पाय सुजले. भोरच्या वैद्यांनी नाडी बघून पुड्या दिल्या. म्हणाले, "काळीज थकलंय. मीठ कमी करा. रोज फळं खाऊ द्या, तुमच्या रानातली चालतील."

रानात करवंदाच्या जाळ्या लगडल्या होत्या. पण रायबानं तरुणपणीच फळ सोडलेलं. का, ते कधी बोलला नाही.

"अवं, चार करवंदं खाल्ली तर काय बिघडंल?"

"पोरं खात्यात ती. म्या काय पोर हाय?"

"पोरं बरी तुमच्यापरीस!"

शेवटी तिनं करवंदं कुस्करून फडक्यातून गाळली आणि नाचणीच्या आंबिलीत घातली. आठ दिवस रायबा वाटी पुसून पीत होता. नवव्या दिवशी फडक्यातून निसटलेली एक बी दाताखाली आली.

ती तळहातावर घेऊन तो बघतच राहिला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"अगं, काय केलंस ह्ये? आपल्या गंगीच्या जल्माच्या वक्ताला तू दोन दिस अडली हुतीस. तवा जानुबाईला नवस बोललो, हिला ऱ्हाऊ दे, जल्मात फळ तोंडात घालणार न्हाई. आता तुज्या जिवाला काय झालं म्हंजी?"

सारजाबाई तशीच अनवाणी देवळात गेली. ओंजळभर करवंदं पायाशी ठेवली. "आई, नवस माझ्यापायी हुता. त्यो म्या घेते. आजपास्नं फळ मला वर्ज. त्यास्नी मोकळं कर."

कौल मात्र लावला नाही. फूल डावीकडं पडून देवीनं नाही म्हटलं तर काय करायचं?

घरी येऊन म्हणाली, "सोडलं आईनं तुमाला. खावा आता."

रायबानं एक करवंद तोंडात टाकलं. चावताना नजर तिच्यावरच.

"बरं हाय न्हवं तुला?"

"हाय की."

थोड्या वेळानं, दुसरं उचलताना, त्यानं पुन्हा तेच विचारलं. ती चुलीकडं वळली, पण कान सोप्याकडंच होता.