हौद भरेपर्यंत

मुलीसाठी स्थळं पाहणारे बाप मी पुष्कळ पाहिले, पण वरच्या दोन खोल्यांसाठी भाडेकरू पाहताना माझ्या आत्याच्या यजमानांनी जेवढी माणसं नापास केली, तेवढी अख्ख्या नगर जिल्ह्यात कुणी केली नसतील. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. पाटबंधारे खात्यात उभा जन्म कालव्यावर काढून ते संगमनेरला घर बांधून राहिले होते. नव्वदच्या दशकात मी तिथंच नोकरीला होतो आणि रविवारचं जेवण आत्याकडे असे, त्यामुळे या परीक्षा मला जेवणाआधी फुकट पाहायला मिळत.

गावातले इतर घरमालक आधी आडनाव विचारत. मामा ते कधीच विचारत नसत आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. "आपली परीक्षा समद्यांना सारखी," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. उमेदवाराला ते नळ येण्याच्या वेळेलाच बोलावत. ओट्यावर बसवून चहा देत, भंडारदऱ्याच्या पाण्याच्या गोष्टी सांगत, आणि तोवर अंगणातला हौद भरून वाहू लागे. जो आपण होऊन उठेल आणि नळ बंद करील तो पास. एकदा बँकेतले साहेब आले. पाणी ओट्याशी आल्यावर त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली आणि बोलणं तसंच पुढं चालू ठेवलं. ते गेल्यावर मामा कितीतरी वेळ "पाय वर घेतले त्यानं" एवढंच म्हणत होते. दुसऱ्या एका गृहस्थांनी बसल्या जागेवरून आत्याला हाक मारली, "मावशी, पाणी वाहतंय." मामांनी निकाल दिला, "ह्यो नुसतं सांगनारा हाय. भाडंबी नुसतं सांगंल." वाहिलेलं पाणी केळीच्या आळ्यात जाई, म्हणून ते वाया गेलं असं मामा मानत नसत. आत्याचं मत वेगळं होतं. "खोल्या रिकाम्या, आन् अंगनात शेवाळ," असं ती भांडी आपटत म्हणे, कारण शेवटी नळ तिलाच बंद करावा लागे.

अशात एका रविवारी एक जोडपं आलं. मूळचे काष्टीकडचे. तो साखर कारखान्यात फिटर, ती सरकारी दवाखान्यात नर्स, आणि तिला सातवा महिना लागलेला. कारखान्याजवळची त्यांची खोली दवाखान्यापासून फार लांब होती आणि रोजचे एस.टी.चे धक्के तिला आता सोसत नव्हते. मामांनी चहा मागवला. हौद भरला, पाणी काठावरून उतरू लागलं. फिटरचा हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि परत खाली आला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. दोघंही उठले नाहीत.

मामांचा चेहरा पडला. माणसं त्यांना आवडली होती. "अवो, फिटर ना तुमी? पानी वाहताना दिसलं न्हाई व्हय?"

उत्तर तिनं दिलं, आवाज न चढवता. "दिसलं की काका. पन आमी बौद्ध हाय. दुसऱ्याच्या दारातल्या हौदाला न इचारता हात लावला, तर काय ऐकावं लागंल सांगता येत न्हाई. लई घरं बघितली आमी. आडनाव सांगितलं की खोली आधीच दिल्याली निघती."

पाणी चाललंच होतं. आपली परीक्षा सगळ्यांना सारखी नव्हती हे मामांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. आत्या सवयीनं नळाकडे निघाली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं.

"मग आता इचारा," ते फिटरला म्हणाले.

"बंद करू का?"

"करा. आन् येताना हौदातनं तांब्याभर पानी आना. मला तहान लागलीय."

नुकताच दोन कप चहा प्यायलेल्या मामांनी तो तांब्या उभ्या उभ्या रिकामा केला. मग खिशातून खोल्यांच्या किल्ल्या काढून नर्सबाईंपुढं धरल्या. त्यांनी किल्ल्या घेतल्या, पण म्हणाल्या, "आधी बघून येते. आमालाबी घरमालक बघून घ्यावा लागतो." ती दोघं वर असेपर्यंत मामा जिन्याशी येरझारा घालत होते. बाई सावकाश उतरल्या. "मोरी लई ल्हान हाय," त्या म्हणाल्या, "पन ऱ्हातो आमी." मामा काठावर पास झाले, आणि आठवडाभरात गवंडी बोलावून त्यांनी मोरी वाढवून घेतली.

त्यानंतर त्यांनी कुणाची परीक्षा घेतली नाही. त्या घरात मुलगी जन्मली, मामांचं बोट धरून चालायला शिकली, आणि नळ बंद करायचं खातं तिनं स्वतःकडे घेतलं. हौद भरला की ती जिन्यावरून धडधडत उतरायची. पुढं त्या जोडप्यानं गावातच स्वतःचं घर बांधलं. घरभरणीला मामा सगळ्यांच्या आधी हजर होते आणि त्यांनी पहिल्यांदा मोरी तपासली.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते ती माणसं गेल्यानंतरच्या एका रविवारचे. वरच्या खोल्यांना कुलूप होतं, हौद भरून वाहत होता आणि मामा ओट्यावर स्वस्थ बसले होते. मी नळाकडे निघालो, तर त्यांनी माझा हात धरला.

"बस रं. आज रईवार हाय. ती यील."

पाणी केळीपर्यंत पोचायच्या आत फाटक वाजलं.