दुसरी बाटली

एंडोस्कोपीच्या खोलीत तिला सगळे मावशी म्हणत. डॉक्टरही, आणि तिच्याहून दहा वर्षांनी मोठे पेशंटसुद्धा. बावीस वर्षं तिने लोकांची डोकी धरली होती. घशात बधिर करणारा फवारा मारायचा, पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं आणि कानाशी म्हणायचं, "नाकाने श्वास घ्या. लाळ गिळू नका, वाहू द्या." शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण पडद्यावरची अन्ननलिका तिला वाचता यायची. डॉक्टरही वाचता यायचे. सगळं ठीक दिसलं की ते बोलत सुटायचे, आपल्या बागेतल्या टोमॅटोंवर घसरायचे. गप्प झाले की समजायचं.

नळी घालण्याआधी कागदावरचे प्रश्न विचारायचं कामही तिचंच. घास अडकतो का? घासागणिक पाणी लागतं का? कधीपासून? लोक लपवत. पण पोटातलं ओठावर आणण्यात मावशीचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आज कुशीवर तिचा नवरा होता. शिलाईकाम करणारा, गप्पिष्ट माणूस. परवा दुपारी पावाचा तुकडा छातीत अडकला आणि तासभर तो बेसिनपाशी लाळ थुंकत उभा राहिला, तेव्हा कुठे तिने त्याला इथे आणलं. त्याचा कागद मात्र तिने भरला नव्हता. नुसतं राहून गेलं.

डॉक्टर टोमॅटोंपर्यंत आले आणि थांबले. नलिकेच्या तळाशी एक ओबडधोबड गाठ होती, नळी टेकताच रक्त येत होतं. नळी पुढे जाईना.

"मावशी, चिमटा द्या."

तिने दिला. तपासणीसाठी गाठीचे सहा तुकडे निघाले. डबीवर तिने नवऱ्याचं नाव लिहिलं, नेहमीच्या वळणदार अक्षरात. तिला काहीच वाटत नव्हतं. फवारा आपल्यालाच मारलाय की काय, असं मात्र एकदा मनात आलं.

तासाभराने तो उठून बसला. डॉक्टरांनी कोरा कागद पाहिला आणि स्वतःच विचारलं, "जेवताना घासागणिक पाणी कधीपासून लागतं?"

"दीड वर्ष झालं असेल."

"दीड वर्ष?" मावशी म्हणाली. "अहो, मग मला बोलला नाहीत ते?"

तो तिच्याकडे जरा गोंधळून बघत राहिला. आवाज अजून घोगरा होता. "अगं, माझ्यापुढे पाण्याची दुसरी बाटली तूच ठेवायला लागलीस की. भाजीसुद्धा मऊ शिजवायला लागलीस. मला वाटलं, हिला सगळं माहीत आहे. ही काही बोलत नाही, म्हणजे काळजीचं नसणार."

डॉक्टर खाली मान घालून लिहीत राहिले.

मावशीला बाटली आठवली. निळ्या झाकणाची. रोज जेवायच्या आधी ती भरून ठेवायची, आणि का ठेवते हे तिने एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.