मुरगूडला न गेलेली कार्डं

“कोल्हापूर भागातून आलेली बरीचशी पत्रं एकाच घरून आलेली दिसतात. ती आम्ही मोजलेली नाहीत, आणि या आठवड्यात ते गाणं क्रमवारीत घेतलेलं नाही,” असं रेडिओवरचा माणूस म्हणाला आणि लगेच दुसरं गाणं लागलं. रविवारची सकाळ होती. आमच्या पिठाच्या गिरणीत वीसेक माणसं दळणाच्या डब्यांवर, पायरीवर, मिळेल तिथं बसली होती, कारण त्या कार्यक्रमापुरता आमचे यजमान गिरणीचा पट्टा उतरवून ठेवायचे. सगळ्यांनी माझ्या भावाकडं, शंकरकडं पाहिलं. शंकरनं त्याच्या बायकोकडं पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, “तुझा हात वळखला त्यांनी. शंभरदा सांगितलं हुतं, अक्षर बदलून लिव म्हणून.” शालन खाली सांडलेलं पीठ झाडायला लागली. मी पिठानं भरलेले हात तसेच धरून उभी होते. चूक कुणाची होती ते तिथल्या वीस माणसांत मला एकटीला कळलंय असं मला वाटलं, आणि मी गप्प बसले.

शंकर सव्वा महिन्यापूर्वी गेला. पेपरात चार ओळी आल्या. त्यात तो बँडमधला जुना क्लॅरोनेटवाला होता असं होतं, ते खरं आहे. त्यात शालनचं नाव नव्हतं. ती त्याच्या आधी तीन वर्षं गेली होती, म्हणून घातलं नसेल.

आई गेली तेव्हा शंकर नऊ वर्षांचा होता. माझं नुकतंच लग्न झालं होतं, तो माझ्याबरोबर गिरणीच्या घरात आला आणि तिथंच वाढला. शाळेत त्याचं लक्ष नव्हतं. आबा मास्तरांच्या बँडमागं तो लग्नालग्नातून हिंडायचा, शेवटी आबांनीच त्याच्या हातात क्लॅरोनेट दिलं. तेव्हा बँडवाल्यांकडं नवी गाणी यायची ती अशी. शुक्रवारी टॉकीजला नवा पिक्चर लागला की आबा शंकरला पहिल्या खेळाला बसवायचे. तो गाणं डोक्यात घेऊन बाहेर पडायचा आणि सुटू नये म्हणून सबंध रस्ता शीळ घालत यायचा. वाटेत कुणी हाक मारली तर थांबायचा नाही, ओठांकडं बोट दाखवून पुढं जायचा. ओळखीचे लोक म्हणायचे, हा माजला. घरी आला की आधी क्लॅरोनेट काढायचा, मग पाणी प्यायचा. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बँडला ते गाणं येत असायचं. दुसऱ्या दिवशीच्या वरातीत ते वाजलं की दुसऱ्या बँडवाल्यांची तोंडं बघण्यासारखी होत.

दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्याची गोष्ट. आमच्या कोल्हापूरच्या स्टुडिओत एका मराठी पिक्चरचं गाणं भरायचं होतं आणि मुंबईचा वाजवणारा आजारी पडला. कुणीतरी शंकरला बोलावून नेलं. गाण्याच्या सुरुवातीला क्लॅरोनेटचा एक तुकडा आहे, बाई गायला लागायच्या आधीचा. तो तुकडा त्यानं तिथं उभ्या उभ्या स्वतःचा घातला आणि संगीतकाराला आवडला. तबकडीवर शंकरचं नाव आलं नाही, पण गाणं आलं, आणि महिन्याभरात ते रेडिओवर पहिल्या नंबरला गेलं. लोकांच्या पत्रांवरून दर रविवारी नंबर लावायचे. संगीतकार जाताना म्हणाला होता, पावसाळ्यात माझा पुढचा पिक्चर आहे, हे गाणं वर गेलं आणि तोवर टिकलं तर निर्मात्याला सांगून तुला मुंबईला नेतो. गाणं पहिलं आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी शंकरनं बँड सोडला. आबा मास्तर आमच्या पायरीवर येऊन बसले.

“लग्नसराई हाय, शंकर. आषाढात जा की.”

“आबा, गाणं आषाढापातूर थांबंल व्हय?”

“ते थांबत न्हाय म्हणूनच सांगतोय.”

शंकरला ते कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं. तीन रविवार ते गाणं पहिलं होतं. सुरुवातीचा तुकडा वाजला की गिरणीतल्या बायका बोलायच्या थांबत, आणि शंकर पायरीवर मान खाली घालून बसायचा. चौथ्या रविवारी ते दुसरं आलं. तो जेवला नाही. पाचव्याला पाचवं आलं, आणि तो मला म्हणाला, “आक्का, हे खाली गेलं तर मी कुठं जाऊ? आबांच्यात कुठल्या तोंडानं जाऊ?” त्यावेळी त्याचा चेहरा असा होता की त्यानं मला शेण खा म्हटलं असतं तरी मी खाल्लं असतं.

मग पोस्टाची कार्डं आणली, गावोगावच्या लोकांच्या नावानं रेडिओला धाडून गाणं वर ठेवायचं म्हणून. शालन सातवी शिकलेली, तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून लिहायचं काम तिचं. शंकर गावं आणि नावं सांगायचा. मुरगूडची अमकी, मलकापूरचा तमका, शाहूवाडीकडचे शेतकरी... शालन कधी डाव्या हातानं, कधी पेन्सिलीनं, कधी मुद्दाम काना-मात्रा चुकवून लिहायची. हसायचीही. “ह्या मुरगूडच्या बाईला पोरं किती दाखवायची वो?” असं विचारायची. त्यांचं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि मी त्या दोघांना एवढं हसताना नंतर कधी पाहिलं नाही. कार्डं टाकायचं काम माझं. जिथलं गाव लिहिलं आहे तिथल्याच पेटीत टाकायची, असं शंकरनं दोनदा बजावलं. मुरगूडला मी बाजाराला जायचेच. मलकापुरात माझी नणंद राहायची, तिथून पुढं शाहूवाडीची कार्डं तिचा नवरा टाकणार होता.

मी गेले नाही. पाय दुखत होते असं लिहिता आलं असतं, पण दुखत नव्हते. उन्हात एसटीला उभं राहायचा कंटाळा केला, एवढंच. कार्ड म्हणजे कार्ड, शिक्का कोण बघतंय, असं म्हणून सगळा गठ्ठा आमच्या कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकला. प्रत्येक कार्डावर कोल्हापूरचा गोल काळा शिक्का पडला असणार. मुरगूडच्या बाईच्या कार्डावर, मलकापूरच्या मास्तराच्या कार्डावर, सगळ्यांवर. अक्षर शालननं बदललंच होतं. तिचं काम तिनं चोख केलं होतं.

रेडिओवर ते सांगितलं त्या रविवारी संध्याकाळी शंकरनं मला विचारलं, “तू गावोगावीच टाकलीस न्हवं, आक्का?” मी म्हटलं, “व्हय.” एका शब्दाचं काम होतं.

पुढच्या रविवारी गाणं परत क्रमवारीत आलं, पण शेवटाला, आणि त्याच्या पुढच्याला नव्हतंच. मुंबईचं बोलावणं आलं नाही. पावसाळ्यात तो संगीतकार स्टुडिओत आला तेव्हा त्याच्याबरोबर क्लॅरोनेटवाला होता. शंकर तीन दिवस फाटकाशी उभा राहिला. चौथ्या दिवशी मी जाऊन त्याला हाताला धरून आणला. आबा मास्तरांनी त्याला परत घेतलं, पण मागच्या रांगेत. पुढच्या लग्नसराईत एका वरातीत आबांनी मुद्दाम ते गाणं धरलं, शंकरला पुढं काढलं. त्याला बरं वाटेल म्हणून. तुकडा निम्मा झाला नाही तोवर नवऱ्याकडचा एक जण म्हणाला, “ओ पावणं, हे गेल्या वर्षीचं काय लावलंय? नवीन येत न्हाय व्हय?” गल्लीत तर त्याचं नावच पडलं होतं, पोस्टमास्तर. “काय पोस्टमास्तर, गाणं कुठवर आलं?” त्याच्या मयतीला एक म्हातारा मला सांत्वनाला म्हणाला, पोस्टमास्तर चांगला माणूस होता. त्याला खरं नाव आठवत नव्हतं.

हे सगळं शंकरनं शालनवर काढलं. हात उगारला नाही कधी. पण ताटात मीठ जास्त पडलं तरी “तुझ्या हाताला गुणच न्हाय,” म्हणायचा, आणि पाहुणे आले की ती गोष्ट सांगायचा. हिला अक्षर बदलायला सांगितलं होतं, हिनं केलं नाही, नाहीतर मी आज मुंबईला असतो. ती चहा देत असायची तिथंच. नंतर तिनं लिहिणं सोडून दिलं. माहेरी पत्र टाकायचं असलं तर माझ्याकडून लिहून घ्यायची, मी चौथी शिकलेली, माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. एकदा रेशनच्या कागदावर सही करायची होती. तिनं डाव्या हाताचा अंगठा पुढं केला. दुकानदार म्हणाला, “वहिनी, तुम्ही शिकलेल्या हाय की.” ती म्हणाली, “न्हाय, मला येत न्हाय.” मी शेजारी उभी होते.

तिला माहीत होतं. एकदा नळावर ती मला म्हणाली, “आक्का, कार्डं टाकायची हुती त्या दिवशी तुम्ही दिवसभर गिरणीतच हुतासा.” मी म्हटलं, “सांगते मी त्याला.” तर म्हणाली, “नका सांगू. माझ्यावर राग हाय तो हाय. तुमच्यावरबी धरला तर त्यांनी जायचं कुठं?” आणि कळशी उचलून गेली. तिनं नको म्हटलं ते मला सोयीचं पडलं. पुन्हा मी विषय काढला नाही.

मी दुसराच उद्योग केला. दर रविवारी तो कार्यक्रम ऐकत राहिले, वर्षानुवर्षं. कुठलं गाणं पहिलं आलं आणि किती रविवार टिकलं, ते दुधाच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवायचे. मला एवढंच बघायचं होतं, की ज्या गाण्याच्या कार्डांत कुणी घोळ केला नाही तेही पडतं का. पडतं. सगळी पडतात. कुठलं चार रविवार राहिलं, कुठलं एकच. फार गाजलेलं एखादं लांबलं, पण तेही गेलं. का जातात तेही बसल्या जागेवरून कळायला लागलं. गिरणीतल्या बायका पहिल्या रविवारी नवं गाणं कान देऊन ऐकायच्या. तिसऱ्याला बरोबर म्हणायच्या. पाचव्याला ते चालू असताना डाळीच्या भावाचं बोलायच्या. त्यांना गाणं आवडेनासं झालेलं नसायचं, भाकरी थापताना त्याच बायका तेच गुणगुणायच्या. पण गुणगुणणारी बाई कार्ड टाकत नाही. ज्यानं एकदा कार्ड टाकलं तो त्याच गाण्यासाठी दुसऱ्यांदा बसत नाही, त्याचं सांगून झालेलं असतं. वर राहायला गाण्याला दर आठवड्याला नवी माणसं लागतात, आणि ती संपतात. त्यात दर शुक्रवारी टॉकीजला नवा पिक्चर. त्यात गाणं वर गेलं की बँडवाले, स्पीकरवाले, हॉटेलवाले सगळे तेच लावणार. आबा मास्तर म्हणायचे, “गाणं पहिलं आलं की दिसातनं दहादा वाजवावं लागतंय. दहादा चावलं की उसाचाबी चोथा हुतोय.” वर चढवणारी आणि खाली ओढणारी माणसं तीच असतात, आणि त्यांच्या मनात काही वाईट नसतं.

हे मी शंकरला सांगितलं. बऱ्याचदा सांगितलं, कॅलेंडरं काढून दाखवली. म्हटलं, “पाचवं आलंच हुतं की रे. कार्डं धाडली नसती तरी चार रविवारांत गेलं असतं.” तो म्हणाला, “गेलं असतं तर गेलं असतं, आक्का. माझी तक्रार न्हवती. पर हिनं चारचौघांत चोर ठरवलं मला.” तिथंही मला तोंड उघडता आलं असतं. मी कॅलेंडरं गुंडाळून ठेवली.

शालन तापानं गेली, आठ दिवसांत. तिच्या तेराव्याला शंकर जेवायला बसला आणि भाजीत मीठ नाही म्हणून काही बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं... त्यानंतर तीन वर्षं तो नीट वाजवू शकला नाही, छाती भरून यायची. शेवटी दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं तेव्हा मी ठरवलं, आता तरी. दुपारची वेळ होती. शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपला होता. मी स्टूल ओढून बसले आणि सरळ सांगितलं.

“शंकर, कार्डं मी मुरगूडला टाकली न्हाईत. मलकापूरलाबी न्हाय. सगळी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकली. शिक्क्यावरनं कळलं त्यांना. शालनचा हात न्हवता.”

त्यानं मान माझ्याकडं वळवली. मग विचारलं, “सगळी?”

“सगळी.”

त्याला दम लागला होता. मग म्हणाला, “तिला म्हाईत हुतं?”

“व्हय.”

“कधीपासनं?”

“पहिल्यापासनं.”

“मग ती बोलली का न्हाय?”

नळावर ती काय म्हणाली ते मी सांगितलं. जसंच्या तसं, एक शब्द इकडं तिकडं न करता. त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मी डब्याचं झाकण लावत होते तेव्हा म्हणाला, “जा तू आता.”

मी थोडा वेळ थांबले. मी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत निरोप आला.

घरातली माणसं मला म्हणतात, सांगितलंस ते बरं केलंस, मन हलकं झालं असेल. तसं काही झालेलं नाही. ज्याला सांगायचं होतं त्याला ते ऐकून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. जिची माफी त्यानं मागितली असती ती तीन वर्षांपूर्वी गेली होती. त्याला शेवटच्या दिवसाला मी एवढंच दिलं, की अकरा वर्षं तू चुकीच्या माणसाला बोललास. हे न सांगता ठेवलं असतं तर तो शांत गेला असता आणि शालन खोटी राहिली असती. कुठलं बरं ते मला ठरवता येत नाही. रोज वेगळं वाटतं.

हे लिहून पेपरात द्यायचं कारण एकच. गल्लीत अजून लोक म्हणतात की शंकरच्या बायकोमुळं ते गाणं पडलं. शालननं काही पाडलं नाही. गाणं आपलं आपण जाणारच होतं, आणि शंकरची अब्रू गेली ती माझ्यामुळं. ती कार्डं लिहायला आम्ही तिघं बसलो होतो. शालन गेली, शंकर गेला. मी आहे, माझं वय एकोणसाठ, आणि मला काही झालेलं नाही.