बाबांना किती झोपवायचं

"तीन नंबर लई वळवळ करतोय, डॉक्टर. नळी उपटून टाकणार बघा," पडद्यापलीकडून सिस्टर म्हणाली.

तीन नंबर म्हणजे माझे बाबा. अंबरनाथच्या कारखान्यात पत्रा लागून पायाला झालेली जखम त्यांनी आठ दिवस हळद लावून अंगावर काढली आणि तिचं विष रक्तात भिनलं. उल्हासनगरात कापडाच्या दुकानांवरच्या त्या लहान हॉस्पिटलात आज त्यांचा चौथा दिवस होता. तोंडात नळी, नळीला श्वासाचं मशीन, दोन्ही मनगटं बँडेजने पलंगाच्या दांडीला बांधलेली. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते.

डॉक्टर पडदा सारून आले आणि आईला सोडून माझ्याशी बोलू लागले. सगळे माझ्याशीच बोलत. पहिल्याच दिवशी आत्याने त्यांना सांगून ठेवलं होतं, "हिला सांगा, इंग्लिश मिडियमची आहे. कळतं सगळं, फक्त तोंड उघडत नाही."

"देखो बेटा," डॉक्टर म्हणाले, "झोपेचं इंजेक्शन वाढवलं तर शांत पडतील. पण बीपी आधीच लो आहे, ते आणखी खाली जाईल. दुसरं एक औषध आहे, त्याने बीपी टिकतं, पण माणसाला भलतंसलतं दिसतं, घाबरतात. आणि काहीच वाढवलं नाही आणि नळी निघाली, तर मग माझ्या हातात काही नाही. यू अंडरस्टँड ना?"

मी मान हलवली. गेले चार दिवस मी हेच करत होते. सकाळी तर त्यांच्या बोलण्यातले निम्मे शब्द मला कळले नव्हते, तरी मान हलवून मी बाहेर आईला सांगितलं होतं, काळजीचं काही नाही म्हणाले. आई त्या भरवशावर दोन घास जेवली होती.

"झोपू दे गं त्याला," आत्या म्हणाली. "बघवत नाही मला. लहानपणी साधा काटा काढताना आळी गोळा करायचा."

खरं तर मलाही बघवत नव्हतं. सिस्टर इंजेक्शन भरायला गेली आणि बाबांच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. उजवी मूठ वळत होती, थांबत होती, मग एक बोट खाली जात होतं. पुन्हा मूठ, पुन्हा बोट.

कारखान्यात बाबांच्या सेक्शनमध्ये इतका आवाज असे की माणसं हातानेच बोलत. ती सवय घरीही सुटली नव्हती. पाणी हवं, दार लाव, दिवा मालव, सगळं हाताने. आई चिडायची, "अहो, तोंड दिलंय देवाने." एकदा शाळेच्या फाटकाबाहेरून त्यांनी मला तसंच हात करून बोलावलं. मैत्रिणी हसल्या, तेव्हा मी बाबांना ओळखतच नसल्यासारखी दुसऱ्या बाजूने निघून गेले.

मूठ वळली की बंद. बोट खाली म्हणजे खाली. खाली काहीतरी बंद झालंय?

ताप डोक्यात गेलेल्या माणसाचे हात असेही हलत असतील. मला त्यातलं काय कळतं? मी चुकले आणि तेवढ्यात नळी निघाली तर? मी वाकून चादरीखाली पाहिलं. लघवीच्या पिशवीत सकाळी होती तेवढीच, तळाला चार बोटं. सिस्टर सिरिंज घेऊन आली. मी तिची बाही ओढली आणि पिशवीकडे बोट केलं.

"काय गं? बोल की," ती वैतागली. पण वाकली, बाबांची मांडी उचलून तिने खालची लघवीची रबरी नळी ओढली. नळी मांडीखाली दुमडून चपटी झाली होती. ती सरळ होताच पिशवी भरू लागली. बाबांची मूठ उघडली. कपाळावरच्या आठ्या थोड्या सैल झाल्या.

"अगं बाई, फुगलं होतं की पोट," आत्या म्हणाली.

पण सगळं काही थांबलं नव्हतं. ताप होता, पाय ठणकत असणार, खांदे अजून मधूनच उसळत होते. डॉक्टरांनी बीपी पुन्हा मोजलं आणि आकडा न सांगता पट्टा सोडला. "रात्री एकच सिस्टर असते, चार पेशंट," ते म्हणाले. "मी तर म्हणतो वाढवून टाकू. सेफ राहील. क्या बोलती हो?"

"वाढवा, डॉक्टर," आत्या म्हणाली. आई माझ्याकडे बघत होती. बाबांचे डोळे अर्धवट उघडे होते. ते कुणाकडे बघत होते ते मला कळलं नाही. मान हलवली असती की झालं असतं. झोपले तर ते हाताने काही सांगू शकणार नव्हते. आणि जागे ठेवून नळी निघाली असती, तर ते माझ्यामुळे झालं असतं.

"नको," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "झोपेचं वाढवू नका. पाय दुखतोय त्याचं काहीतरी द्या. आणि उजवा हात सोडा, तो मी धरून बसते. ते काय म्हणतात ते मी तुम्हाला सांगेन."